दोष आरशाचा

३ जानेवारी, शुक्रवार

शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन. स्टाफचा ग्रुप फोटो 'जरा हललाय' म्हणाल्या. जरा हललाय! एवढी माणसं रांगांत बसवायची, उंच-बुटके बघायचे, नेमके क्लिकच्या वेळी डोळे मिटणाऱ्या चित्रकलेच्या सरांना सांभाळायचं, आणि वर हे ऐकायचं. मी म्हटलं, बाई, कुणीतरी हललं असेल. त्या म्हणाल्या, सगळे एकाच वेळी, एकाच बाजूला कसे हलतील? मागची भिंतसुद्धा हललीय.

यावर शांतपणे विचार केला. बाईंच्या बोलण्यात तथ्य आहे. भिंत हलत नाही. म्हणजे कॅमेरा हलला. आता, कॅमेरा का हलला?

संध्याकाळी उत्तर सापडलं. आरसा! आमच्या डीएसएलआरच्या पोटात एक छोटा आरसा असतो. बटण दाबलं की तो फटकन वर उचलला जातो आणि छताला आपटतो. आपटला की कॅमेरा थरथरतो. कॅमेरा थरथरला की शाळेची भिंत हलते. इतकी साधी गोष्ट, आणि मी उगाच दिवसभर डोकं शिणवत होतो.

निर्णय झाला. मिररलेस घ्यायचा. आरसाच नाही, तर आपटणार काय?

५ जानेवारी, रविवार

संकल्प: पक्का निर्णय होईपर्यंत हिला काही सांगायचं नाही.

नाश्त्याच्या वेळी हिला सांगितलं. ही म्हणाली, "आरसा आजच आपटायला लागला का? इतकी वर्षं काय करत होता?" मी समजावलं की वयोमानाप्रमाणे स्प्रिंग सैल होतात. ही म्हणाली, "वय झालं म्हणता." मी म्हटलं, झालंच. त्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. चहातली साखर केव्हाच विरघळली होती, तरी ढवळत होती.

ही स्टुडिओतलं कॉम्प्युटरचं सगळं काम बघते. माणसाचा मुरूम काढेल, टकलावर केस आणेल, पण कॅमेऱ्याच्या आतलं तिला कळत नाही. तिचा काय दोष.

७ जानेवारी, मंगळवार

शास्त्रीय प्रयोग केला. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून स्टुडिओच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला. स्वच्छ. मग हातात धरून काढला. हललेला. निष्कर्ष: ट्रायपॉड आरशाचा धक्का शोषून घेतो. हातात धरला की धक्का शोषायला काही नसतं.

ही मागे उभी होती. म्हणाली, "तो लाइव्ह व्ह्यू असतो ना, मागच्या स्क्रीनवर बघून काढायचा, त्यात आरसा आधीच वर गेलेला असतो. तसा काढून बघा." (हे तिला कुणी सांगितलं?) काढला. तोही हलला. पण आरसा वर गेला तरी आतच असतो ना! अडगळ ती अडगळच. आतल्या आत कुठेतरी हलत असणार.

हिला हे सांगितल्यावर म्हणाली, "नाचता येईना..." आणि मधेच थांबली. आत गेली. पुढचं वाक्य लहान मुलालाही पाठ असतं, पण तिने पूर्ण केलं नाही. पूर्वी असं काही अर्धवट सोडायची नाही.

९ जानेवारी, गुरुवार

नव्या कप-बशा आणल्यात त्या काही कामाच्या नाहीत. बशीतला खळगा कपापेक्षा मोठा आहे. कप उचलला की खडखड वाजतो. बशीत चहा सांडतो. आता मगमधून पिणार. अर्धाच भरायला सांगितलाय. जास्त चहा पित्ताला वाईट.

दाढी करताना परत कापलं. हल्ली ब्लेड एक धड मिळेल तर शपथ.

१२ जानेवारी, रविवार

लेक आणि होणारे जावई जेवायला आले. लग्न एकवीस फेब्रुवारीला, नोंदणी पद्धतीने. कार्यालयात सह्या करायच्या, मोजकी माणसं, दुपारी सगळ्यांनी मिळून जेवायचं. मला पसंत आहे. जावई सज्जन आहेत. फक्त फोटोत हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नाही. सारखे खिशात घालतात आणि काढतात. ते मी शिकवीन.

मग लेक म्हणाली, "बाबा, फोटोला दुसऱ्या कुणालातरी सांगूया. तुम्ही नुसते माझ्याशेजारी उभे राहा."

घास तोंडातच राहिला. जन्मल्यापासून या पोरीचा एकेक फोटो मी काढलाय. पहिला दात, पडलेला पहिला दात, शाळेचा पहिला दिवस (त्यात ती दाराला धरून रडतेय), पहिली सायकल, पहिलं प्लॅस्टर. आणि लग्नाला दुसरा माणूस?

अर्थात तिच्या मनात काय आहे ते मला कळलं. बापाची दगदग होऊ नये. मी म्हटलं, "बाळ, माझी काळजी करू नकोस. तोपर्यंत नवा कॅमेरा येतोय." तिने आईकडे बघितलं. आईने भाजीच्या भांड्याकडे बघितलं. जावयांनी हात खिशात घातले.

पाणी वाढताना जग जरा कलंडला. टेबल डुगडुगतं. एका पायाखाली पुठ्ठा घालायला हवा.

१५ जानेवारी, बुधवार

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. विकणारा दाढीवाला आहे, वयाने माझ्या लेकीएवढा, पण माहितगार. मिररलेस हातात दिला. काय ती चीज! हलकी, आटोपशीर. डोळा लावला की आत छोटा टीव्ही. डीएसएलआरमध्ये आरशातून समोरचं जसंच्या तसं दिसतं. यात सेन्सरला, म्हणजे फोटो टिपणाऱ्या आतल्या चकतीला, जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. म्हणजे जे दिसेल तेच फोटोत येईल. फसवणुकीला जागा नाही.

शिवाय आत स्टॅबिलायझर आहे. दाढीवाला म्हणाला, "काका, हात हलला तर सेन्सर उलट्या बाजूला सरकतो. बघा." आणि शटर मुद्दाम एकदम स्लो ठेवून समोरच्या पाटीचा फोटो काढला. अक्षर न अक्षर वाचता येत होतं. मग माझ्या हातात दिला. मी काढला. पाटीच्या जागी पाण्यात सोडलेली शाई आली.

दाढीवाला समजूतदार. म्हणाला, "डेमो पीस आहे, काका. दिवसभर सगळे हाताळतात." मलाही तेच वाटलं होतं. मग हळूच म्हणाला, "थंडी वाजतेय का? एसी कमी करू?" मी म्हटलं कर. खरोखरच फार थंडी होती. बाकीची गिऱ्हाइकं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होती, पण एकेकाची प्रकृती.

किमतीबद्दल इथे काही लिहिणार नाही. ही वही हिच्या हाती लागू शकते.

१९ जानेवारी, रविवार

दादाकडे गेलो होतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आता फारसा बाहेर पडत नाही, खिडकीत बसतो. नव्या कॅमेऱ्याबद्दल सगळं सांगितलं. आरसा कसा आपटतो ते टाळी वाजवून दाखवलं. दादा माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता, हातातल्या मगकडे बघत होता.

म्हणाला, "तुझ्या हाताकडे बघितलं की अण्णा आठवतात."

अण्णा, म्हणजे आमचे वडील, घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून बसायचे. बॅटरीची घड्याळं आली आणि अण्णांनी दुकान बंद केलं. मी म्हटलं, हो ना, तेव्हा अण्णांनाही तंत्रज्ञानाने मागे टाकलं. म्हणूनच मी वेळेवर बदलतोय.

दादा म्हणाला, "बॅटरीची घड्याळं नंतर आली रे. दुकान त्याच्या आधीच बंद झालं. अण्णांच्या चिमट्यातून स्क्रू पडायचे. आई रोज संध्याकाळी लोहचुंबक घेऊन दुकानाची फरशी पुसल्यासारखी धुंडाळायची. तू लहान होतास. तुला बॅटरीचं सांगितलं."

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

दादाचं वय झालंय. मागच्या महिन्यात चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होता. अशा माणसाच्या आठवणींवर किती विसंबायचं?

मात्र अण्णा शेवटी शेवटी जेवताना डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरायचे, हे मला आठवतं. ती त्यांची सवय होती.

२० जानेवारी, सोमवार

घरात मी हे असं मनगट कधी धरायला लागलो?

कॅमेरा जड असल्यामुळे लागलेली सवय. मिररलेस हलका असतो.

२२ जानेवारी, बुधवार

हिच्याशी भांडण. लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

मी जुना कॅमेरा एक्स्चेंजला द्यायचा म्हणून पुसत होतो. ही म्हणाली, "आधी डॉक्टर, मग कॅमेरा." मी म्हटलं, डॉक्टरचा इथे काय संबंध? मग तिचा बांध फुटला.

म्हणाली, "गेलं वर्षभर तुम्ही एका फोटोच्या जागी ढीगभर काढता. त्यातला एखादा बरा असतो. तो मी शोधते. कधी एकाचं तोंड इकडून घेते, दुसऱ्याचं तिकडून, आणि जोडते. बाकीचे टाकून देते. मागच्या महिन्यातला तो वाढदिवस आठवतो? त्यातल्या आजोबांचा एकही फोटो धड नव्हता. मी त्यांच्या घरी जाऊन मोबाइलवर काढून आणला, खोटं सांगून."

मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तुम्ही स्टुडिओत जायचं सोडलं असतंत. मला तुम्हाला घरी भिंतीकडे बघत बसलेलं बघायचं नव्हतं. म्हणून मीही म्हटलं, चालू दे. पण आता आरसा, आणि ब्लेड, आणि बशी! अहो, सगळ्या घराने काय घोडं मारलंय तुमचं?"

मी ताडकन उठलो आणि दार आपटून बाहेर पडलो. म्हणजे, आपटायचा विचार होता. कडी हातात नीट आली नाही, त्यामुळे दार हळूच लागलं.

२३ जानेवारी, गुरुवार

अबोला. दिवसभर पासपोर्ट फोटो. ट्रायपॉडवर. सगळे स्वच्छ.

हिने नेहमीप्रमाणे माझ्या मगमध्ये अर्धाच चहा ओतला. 

तिचं म्हणणं मुद्देसूदपणे तपासलं. तिने जे फोटो टाकून दिले ते सगळे जुन्या कॅमेऱ्याचे होते. म्हणजे नकळत तिने माझाच मुद्दा सिद्ध केला. आता विलंब नको.

१ फेब्रुवारी, शनिवार

घेतला!

जुना एक्स्चेंजमध्ये दिला. देताना वाईट वाटलं. पट्टा काढून घेतला, तो माझ्या मानेला ओळखतो. दाढीवाल्याने जाताना दोन सूचना केल्या: लेन्स बदलताना कॅमेरा बंद करायचा आणि तोंड खाली धरायचं. "यात सेन्सर उघडा असतो, काका. पुढे आरसा नाही, काही आडोसा नाही. शक्य तर लेन्स बदलूच नका, एकच झूम वापरा." मी हसलो. फिल्मच्या जमान्यापासून लेन्स बदलतोय. अंधारात, पावसात, एकदा तर बोटीत बदललीय.

दुपारी हिचा, खिडकीतल्या कुंडीचा, समोरच्या शिंप्याचा फोटो काढला. स्वच्छ! शिंप्याच्या सुईचं नेढं दिसतंय. हिला दाखवला. ही खुर्चीतून उठली, स्क्रीनजवळ गेली, फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाली, "चांगला आलाय हो."

मी काही बोललो नाही. विजयी माणसाने बोलू नये. फक्त एवढंच म्हटलं की आरसा, ब्लेड आणि बशी यांच्यावरून तू माझी माफी मागायला हवीस. ती हसली. कितीतरी दिवसांनी.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेत जाऊन स्टाफचा फोटो पुन्हा काढला, फुकट. बाईंनी स्वतः फोन करून कौतुक केलं. भिंत जागच्या जागी आहे. चित्रकलेच्या सरांचे डोळे मिटलेले आहेत, पण ते स्वच्छ मिटलेले आहेत.

१० फेब्रुवारी, सोमवार

ही ऐकेना म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. नवा कॅमेरा सोबत नेला. त्यांना शिंप्याची सुई दाखवली. डॉक्टर खूश. त्यांना स्वतःलाच कॅमेरा घ्यायचाय, सहलीला जाणार आहेत. कुठला घ्यावा, लेन्स कुठली, बॅटरी किती टिकते, सगळं विचारलं. बाहेर माणसं खोळंबली होती म्हणून उठलो. हात दाखवायचा राहिला.

हिने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, समाधानी दिसले.

खोटं नाही हे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लग्नाची तालीम म्हणून जुनी पोर्ट्रेट लेन्स अडॅप्टर (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडायची कडी) लावून बसवली. लेकीच्या सगळ्या फोटोंची ही लेन्स. या लेन्समधून चेहऱ्याला जो मऊपणा येतो तो नव्या झूममध्ये नाही. अडॅप्टरच्या खाचा फार बारीक केल्यात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बसते. कारखानदारांना माणसांची बोटं आठवत नाहीत.

ही म्हणाली, "एकच लेन्स न्या ना." दाढीवाल्याशी हिचं काही संगनमत आहे का?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी

बॅटऱ्या भरल्या. कार्ड दोन. बूट पुसले. सह्या करताना झूम, मग खिडकीजवळ नेऊन लेकीचं पोर्ट्रेट, जुन्या लेन्सने. प्रकाश साडेदहापर्यंत चांगला असणार. सगळं मनात बसवलंय. आज असा फोटो काढीन की पोरगी म्हातारी झाली तरी भिंतीवरून उतरवणार नाही.

त्याच दिवशी, दुपारी

कसं लिहू.

नोंदणी कार्यालय. लांबट खोली, हिरव्या कापडाचं टेबल, अधिकारीबाईंच्या मागे फायलींची कपाटं. आमच्या आधी एक जोडपं होतं, म्हणून बाकावर बसून राहिलो. लेक फार सुंदर दिसत होती. तिच्या आईची साडी. मला राहवलं नाही. म्हटलं, पाळी येईपर्यंत पोर्ट्रेट उरकू. तिला खिडकीत उभं केलं. झूम काढली. कॅमेरा बंद केला नव्हता. तोंडही वरच होतं. दोन्ही गोष्टी मला आठवत होत्या, पण प्रकाश चालला होता.

लेन्स बसेना. अडॅप्टर खाचेत जाईना. लोक बघत होते, कुणीतरी म्हणालं, धरू का? त्या माणसामुळे घाई झाली. हाताला एक हिसका बसला आणि लेन्सची मागची कड आत गेली. आवाज अगदी लहान. साखरेचा दाणा दाताखाली आल्यासारखा.

बसवली शेवटी. डोळा लावला. लेकीच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत काळी रेघ.

आधी वाटलं, केस आला असेल. चष्मा पुसला. कॅमेऱ्याची डोळा लावायची काच पुसली. लेन्स पुसली. रेघ तिथेच. कॅमेरा भिंतीकडे वळवला, भिंतीवर रेघ. हिच्याकडे वळवला, हिच्यावर रेघ. जावयांवर, अधिकारीबाईंवर, कपाटांवर. सेन्सरच्या काचेला तडा.

तरी मी क्लिक करत राहिलो. "मान जरा डावीकडे. छान. अजून एक." थांबलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं. लेक माझ्याकडे बघून हसत होती, आणि मी त्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी तिला बघत होतो. किती फोटो काढले माहीत नाही.

मग आमची पाळी आली. दोघांच्या सह्या झाल्या. हार नाहीत, काही नाही, नुसतं पेन टेबलावरून फिरत होतं. अधिकारीबाई म्हणाल्या, "साक्षीदार, मुलीचे वडील?" मी कॅमेरा मानेत लटकवून पुढे झालो. पेन टेकवलं. पेन कागदावर राहीना. टकटक टकटक आवाज येत होता, टेबल पोकळ असावं. अधिकारीबाईंनी वर बघितलं.

लेकीने माझ्या हातावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. हळूच म्हणाली, "सावकाश, बाबा. मला कुठेही जायची घाई नाहीये."

सही झाली. माझी वाटत नाही, पण चालली.

मग मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. म्हटलं, बाळ, फोटो नाहीत. एकही नाही. कॅमेरा मोडला. मला वाटलं रडेल. तिने माझ्या गळ्यातून पट्टा काढला, कॅमेरा आईच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं. आता तरी शेजारी उभे राहा."

हिने मोबाइलवर फोटो काढला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तो फोटो हिने मला पाठवला नव्हता. लेकीने पाठवला.

फार चांगला फोटो आहे. प्रकाश चांगला, चौकट जरा वाकडी, पण चालेल. लेक अगदी स्वच्छ. साडीचा काठ स्वच्छ. जावयांचे दोन्ही हात दिसतायत, खिशाबाहेर, स्वच्छ. मागचं कपाट, त्याच्यावरचं कुलूप, सगळं स्वच्छ. माझा चेहरा स्वच्छ. मी हसतोय, हे मला माहीत नव्हतं.

लेकीच्या खांद्यावर माझा उजवा हात आहे. तेवढीच जागा पुसलेली आहे. बोटं नाहीत तिथे. एक करडा डाग.

मोबाइलचं शटर स्लो असणार, असं लिहायला घेतलं होतं. पण मग तिचा खांदा कसा नाही हलला?

मोबाइलमध्ये आरसा नसतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

हिच्याशेजारी जाऊन बसलो. ती कॉम्प्युटरवर रेघवाल्या फोटोंतला एक दुरुस्त करत होती. रेघेच्या डावीकडचा गाल थोडा थोडा उचलून उजवीकडे आणत होती. बराच वेळ बघत राहिलो.

म्हटलं, "नाही जमायचं ते."

म्हणाली, "जमलं तर जमलं."

मग म्हटलं, "डॉक्टरची वेळ घे. नेहमीचे नकोत. त्यांना सहलीला जायचंय."

ती वळली नाही. माउस तसाच धरून बसली होती. फक्त म्हणाली, "गुरुवारची घेतलेली आहे. दोन आठवड्यांपूर्वीच."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. ही बरोबर होती.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, साधारण पंधरा दिवस. ही म्हणाली, तीन वर्षं. बाईंनी हिचं लिहून घेतलं.

मला हात पुढे धरायला लावले. नाकाला बोट लावायला लावलं. ते लागलं, पण गालावरून फिरून. एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं. त्याबद्दल लिहीत नाही. बाईंनी टेबल पुसलं. टेबल डुगडुगत नव्हतं, मी आधीच दाबून बघितलं होतं.

वडिलांना होतं का, म्हणाल्या. मी म्हटलं, त्यांचं घड्याळांचं दुकान होतं. बाई थांबून राहिल्या. मग म्हटलं, हो. होतं.

हे घराण्यात उतरतं म्हणाल्या. जिवाला धोका नाही. पूर्ण जाणार नाही, गोळीने कमी होईल, किती ते बघू. मी विचारलं, कामाचं काय? म्हणाल्या, हा कंप हात वापरतानाच येतो. हात मांडीवर स्वस्थ ठेवलात तर येणार नाही. बघा, आत्ता आहे का?

बघितलं. नव्हता. दोन्ही हात मांडीवर पडले होते, कुणा भल्या माणसाचे असावेत तसे.

म्हणजे निष्कर्ष असा, की मी काहीही केलं नाही तर मला काहीही झालेलं नाही.

घरी आलो. आठवडाभर अर्धीच गोळी घ्यायची आहे. गोळीच्या मधोमध रेघ असते, तिथे मोडायची. पाकिटातून काढली, दोन्ही अंगठ्यांत धरली. ही ओट्याशी पाठ करून उभी होती, मुद्दाम मागे बघत नव्हती.

मी गोळी तिच्या हातावर ठेवली.